मीटर बरोबर, तरी मोटार जळाली

वसमत तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांबरोबर दिवसभर बसण्याचा योग आला होता. विषय होता वीज. दुपारच्या चहाला एका सरांनी पिशवीतून पिवळ्या रंगाचा मल्टीमीटर काढून आमच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "हा खरं बोलतो का हो?"

त्यांची हकीगत अशी. घरची हळद आणि गहू विहिरीच्या पाण्यावर. पाच एचपीची तीन फेजची मोटार. एकाच रब्बीत ती दोनदा जळाली. मोटार बांधणाऱ्या मिस्त्रींनी काळं पडलेलं वाइंडिंग दाखवून सांगितलं, "सर, तुमच्याकडं व्होल्टेज कमी आहे." सरांनी वायरमनना बोलावलं. त्यांनी स्टार्टरपाशी मोजलं. तिन्ही फेजमध्ये ४०५ ते ४०८ व्होल्ट. "व्होल्टेज एकदम ओके." दोघांपैकी कोणाचं खरं मानायचं ते कळेना, म्हणून सरांनी नांदेडहून हा मल्टीमीटर आणला. रोज मोटार चालू करण्याआधी मोजायचं असं ठरवलं. त्यावरही आकडे ४०५ च्या आसपासच. आणि एक दिवस मोटार पुन्हा जळाली.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारने माफ केलं आहे. मोटार बांधण्याचं बिल मात्र ज्याचं त्यालाच भरावं लागतं. शिवाय हंगामात मिस्त्रींकडे रांग असते. तेवढे दिवस हळद पाण्यावाचून उभी.

सरांच्या पिशवीत माहितीपत्रकांचा एक गठ्ठाही होता. काही शे रुपयांच्या मल्टीमीटरपासून काही लाखांच्या 'पॉवर क्वालिटी अॅनालायझर'पर्यंत सगळं त्यात होतं. "यातलं कोणतं घेतलं म्हणजे खरं काय ते कळेल?" हा त्यांचा पुढचा प्रश्न. चहा संपेपर्यंत आम्ही जे उत्तर दिलं ते अर्धवटच होतं. ते आता जरा सविस्तर मांडतो. शाळेच्या प्रयोगशाळेसाठी एखादं उपकरण घ्यायचं मनात असेल, तर तिथेही ते उपयोगी पडेल.

मोजलं कधी?

सरांचा मीटर खरंच बोलत होता. फक्त त्याला प्रश्न चुकीच्या वेळी विचारला जात होता. सर मोटार चालू करण्याआधी मोजत. धावत्या मोटारीपाशी मीटरच्या पिना लावायची त्यांना भीती वाटे. ती योग्यच होती, त्याबद्दल पुढे बोलू. वायरमननीही मोजलं ते मोटार बंद असताना.

आता नववी-दहावीतला ओहमचा नियम आठवा. तारेत, जोडात, स्विचच्या संपर्कात जो काही रोध असेल, त्याच्यामुळे होणारी व्होल्टेजची घट ही धारा गुणिले रोध एवढी असते. धाराच वाहत नसेल तर घट शून्य. म्हणजे एखादा जोड कितीही खराब असो, मोटार बंद असताना त्याच्या अलीकडे आणि पलीकडे मीटर तेवढंच व्होल्टेज दाखवणार. पाइपमध्ये काय अडकलंय हे तोटी बंद ठेवून कळत नाही, तसंच हे.

दुसरी गोष्ट घड्याळाची. शेतीला तीन फेजचा पुरवठा ठरावीक तासांपुरता असतो. बहुतेक विहिरींवर ऑटो स्विच बसवलेले असतात. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. एका ६३ केव्हीएच्या डीपीचा हिशेब करून पाहू. ४३३ व्होल्टला तिची पूर्ण क्षमतेची धारा सुमारे ८४ अँपियर येते. पाच एचपीची मोटार सुमारे ७.५ अँपियर घेते, म्हणजे अशा अकरा मोटारी त्या डीपीवर जेमतेम मावतात. पण मोटार सुरू होताना पहिले काही क्षण तिच्या नेहमीच्या सहापट धारा ओढते. अकराच्या अकरा ऑटो स्विच एकाच क्षणी लागले तर मागणी होते जवळजवळ ५०० अँपियरची. तेवढ्या वेळात व्होल्टेज किती खाली जात असेल? आणि त्याच वेळी मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. व्होल्टेज १५ टक्के कमी झालं तर ताकद उरते ७२ टक्के. मोटार नीट वेग घेत नाही, जास्त वेळ जास्त धारा ओढत राहते आणि तापते. दुपारी दोन वाजता, निम्म्या मोटारी बंद असताना घेतलेल्या आकड्याला यातलं काहीच माहीत नसतं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण माहितीपत्रकांत तिची जाहिरात फार असते. वारंवारता मोजणारं महागडं उपकरण गावात घ्यायची गरज नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून हिंगोलीत आणि गुवाहाटीत एकाच तालावर वीज नाचते, आणि तो ताल राष्ट्रीय पातळीवर ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायचा प्रयत्न चालू असतो. वारंवारता देशाची असते. व्होल्टेज मात्र तुमच्या डीपीचं, तुमच्या तारेचं, तुमच्या जोडाचं असतं. म्हणून मोजायचं ते व्होल्टेज आणि धारा, आणि तेही आपल्या जागी.

तीन आकड्यांचा हिशेब

पुढच्या आठवड्यात सरांनी वायरमनना सोबत घेऊन, मोटार चालू असताना स्टार्टरपाशी पुन्हा मोजायला लावलं आणि आकडे आम्हाला फोनवर सांगितले. आर आणि वाय या फेजमध्ये ४०२ व्होल्ट, वाय आणि बीमध्ये ३८४, बी आणि आरमध्ये ३८१.

सर म्हणाले, "थोडं कमी-जास्त आहे, पण नियमात बसतंय." खरंच बसत होतं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून घरगुती व शेतीच्या दाबाला अधिक-उणे ६ टक्क्यांची मर्यादा चालत आलेली आहे. २३० व्होल्टला ती २१६ ते २४४ अशी येते, म्हणजे दोन फेजमध्ये सुमारे ३७५ ते ४२२ व्होल्ट. तिन्ही आकडे या मर्यादेत आहेत.

पण मोटारीला प्रत्येक फेज नियमात आहे की नाही याच्याइतकंच महत्त्वाचं आहे ते तिन्ही सारखे आहेत की नाही हे. हिशेब सोपा आहे, आठवीच्या मुलांनाही जमेल. तिन्हींची सरासरी ३८९. सरासरीपासून सर्वांत दूरचा आकडा ४०२, म्हणजे फरक १३. १३ भागिले ३८९, म्हणजे ३.३ टक्के. याला व्होल्टेजचं असंतुलन म्हणतात. ते १ टक्क्याच्या आत असावं अशी अपेक्षा असते आणि ५ टक्क्यांच्या वर मोटार चालवूच नये असं सांगतात. आता असंतुलनाचा वर्ग करा आणि दुप्पट करा. आले सुमारे २२. मोटारीच्या तापमानातली वाढ साधारण तितके टक्के जास्त होते, असा अनुभवावरून बसवलेला ठोकताळा आहे. एरवी मोटार हवेपेक्षा ६० अंशांनी जास्त तापत असेल, तर आता ती ७३ अंशांनी तापेल. आणि वाइंडिंगवरच्या इन्शुलेशनचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं.

या तीन आकड्यांत आणखीही एक माहिती लपलेली आहे. जरा थांबून तुम्हीच शोधा. एक आकडा ठीक, दोन कमी. कमी असलेल्या दोन्ही जोड्यांत समान फेज कोणता? बी. म्हणजे खोट बी फेजच्या वाटेत आहे.

टोंग टेस्टर

हे शोधायला सरांचा पिवळा मल्टीमीटर पुरला. पण आम्हाला कोणी विचारलं की विहिरीवरच्या माणसाकडे एकच उपकरण असायचं तर कोणतं, तर आम्ही मल्टीमीटरऐवजी टोंग टेस्टर म्हणू. खेकड्याच्या नांगीसारखा जबडा असलेलं हे मीटर तार न कापता, न सोलता तिच्यातली धारा सांगतं. तारेभोवतीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र जबड्यातल्या गाभ्यात वेटोळ्याला धारा देतं. ट्रान्सफॉर्मरचंच तत्त्व.

ते का बरं, याचं कारण मजेदार आहे. समजा, चालत्या मोटारीचा एक फेज उडाला. ती लगेच थांबत नाही. दोन फेजवर घरघरत चालू राहते आणि उरलेल्या दोन तारांतली धारा पावणेदोन पटीच्या आसपास जाते. अशा वेळी मोटारीच्या टोकांपाशी व्होल्टेज मोजलं तर काय दिसेल? एक फेज शून्य? नाही. फिरता रोटर गेलेल्या फेजच्या वाइंडिंगमध्ये स्वतःच व्होल्टेज निर्माण करतो, आणि मीटर जवळजवळ नेहमीइतका आकडा दाखवतं! मोटार स्वतःच आपलं दुखणं झाकते म्हणा ना. धारेला मात्र असं झाकता येत नाही. टोंग टेस्टर तिन्ही तारांना एकेक करून लावला की एका तारेत शून्य दिसतं, आणि खेळ उघडा पडतो.

सरांच्या विहिरीवर वायरमनच्या टोंग टेस्टरने दाखवलं ते असं : आर ८.६ अँपियर, वाय ८.९, बी ६.२. मोटारीच्या पाटीवर ७.५ लिहिलेलं. म्हणजे दोन वाइंडिंगं मर्यादेबाहेर राबत होती आणि तिसरं अंग चोरत होतं. मग ओव्हरलोड रिले का पडला नाही? तो बघितला तर १० अँपियरवर लावलेला. "सारखा ट्रिप व्हायचा म्हणून कोणीतरी वाढवून ठेवला," असं कळलं. तो बिचारा योग्य कारणासाठीच ट्रिप होत होता.

शेवटी खोट सापडली ती खांबावरून आलेली अॅल्युमिनियमची तार आणि स्टार्टरकडे जाणारी तांब्याची तार यांच्या पिळून केलेल्या जोडात. वरची टेप करपली होती. अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चटकन चढतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही. त्यात तांब्याशी सांगड आणि पावसाचं पाणी. दोन वेगळ्या धातूंचा घटच तयार झाला म्हणायचा. रोध वाढत गेला. आकड्यांवरून हिशेब केला तर त्या एका जोडात वीस-बावीस व्होल्ट खर्च होत होते, म्हणजे सव्वाशे वॉटच्या वर उष्णता. मोटार दोनदा बांधून झाली, जोड तोच राहिला होता. दोन्ही धातूंना चालणारा, दाबून बसवायचा लग लावून आणि रिले ७.५ वर आणून काम झालं. मिस्त्रींचं बरोबर होतं, वायरमनचंही.

टोंग टेस्टर वर्गात दाखवताना एक गंमत जरूर करा. चालू पंख्याच्या दोन्ही तारा एकत्र असलेल्या केबलभोवती जबडा लावा. आकडा येतो शून्य. मुलं म्हणतील मीटर बिघडलं. जाणारी आणि येणारी धारा सारखी व उलट दिशेची, म्हणून त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात. एकच तार जबड्यात यायला हवी. त्यासाठी वेगवेगळ्या रंगांच्या सुट्या, इन्शुलेशन असलेल्या तारांची एक एक्स्टेन्शन बोर्डची दोरी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. धारा फार कमी असेल आणि आकडा नीट येत नसेल, तर त्या एका तारेचे जबड्यातून दहा वेढे घ्या आणि आलेल्या आकड्याला दहाने भागा. यावर दुकानदार खूश होणार नाही, कारण कमी धारेचा वेगळा टोंग टेस्टर विकत घ्यायची गरज उरत नाही.

शाळेचा इन्व्हर्टर आणि मीटरचा गैरसमज

आता सरांच्या गठ्ठ्यातल्या एका शब्दाकडे वळू : 'ट्रू आरएमएस'. ज्यावर तो छापलेला असतो ते मीटर बरंच महाग असतं. ते घ्यावं का?

प्रत्यावर्ती व्होल्टेज सारखं वर-खाली होत असतं. मग २३० व्होल्ट हा आकडा कुठला? तेवढीच उष्णता देणाऱ्या दिष्ट व्होल्टेजइतका. तो काढायचा तर क्षणाक्षणाच्या व्होल्टेजचा आधी वर्ग, मग त्या वर्गांची सरासरी, मग तिचं वर्गमूळ. साधं मीटर एवढी मेहनत घेत नाही. ते लहरीची उणी बाजू उलटवून सरळ सरासरी काढतं आणि तिला १.११ ने गुणून आकडा दाखवतं. लहर शुद्ध साइन असेल तर हा गुणाकार अगदी बरोबर उत्तर देतो. लहरीचा आकार वेगळा असेल तर?

शाळेच्या कार्यालयात स्वस्तातला 'स्क्वेअर वेव्ह' इन्व्हर्टर आहे असं धरा. त्याची लहर सपाट माथ्याची, अधिक २३० आणि उणे २३० अशी उड्या मारणारी असेल, तर खरं उत्तर २३०, पण साधं मीटर दाखवणार २५५. दुसऱ्या प्रकारच्या इन्व्हर्टरमध्ये लहर ३२५ व्होल्टपर्यंत जाते, पण निम्मा वेळ शून्यावर थांबते. खरं उत्तर इथेही २३०. साधं मीटर दाखवतं १८०. म्हणजे एकच २३० व्होल्ट, आणि एकाच मीटरला ते एकदा २५५ वाटतात आणि एकदा १८०. अकरावी-बारावीच्या मुलांकडून हे कागदावर करून घ्या, आलेखाचे चौकोन मोजूनही जमतं.

एलईडी दिवे, संगणक, मोबाइलचे चार्जर यांच्या धारेचंही तेच. हे सगळे लहरीच्या माथ्यावरच घाईघाईने घोट घेतात, बाकी वेळ गप्प. अशी धारा साधं मीटर कमी दाखवतं, कधीकधी तिसरा हिस्साही कमी. म्हणून आमचं मत असं : नुसती पाण्याची मोटार आणि पंखे तपासायचे असतील तर साधं मीटर चालेल. शाळेत संगणक कक्ष असेल, इन्व्हर्टर असेल, तर दोन पैसे जास्त देऊन ट्रू आरएमएसच घ्यावं.

सौर पंपांनी आणखी एक घोळ घातला आहे. पॅनेलकडून येणारी धारा दिष्ट असते. तिचं चुंबकीय क्षेत्र बदलत नाही, त्यामुळे नेहमीचा टोंग टेस्टर तिथे शून्य दाखवतो आणि शेतकऱ्याला वाटतं पॅनेलच बंद पडलं. तिथे हॉल संवेदक असलेला, एसी-डीसी दोन्ही मोजणारा टोंग टेस्टर लागतो. घेण्याआधी डबीवर ते लिहिलंय का बघा. आणि सौर पंपाच्या कंट्रोलरमधून मोटारीकडे जाणारं व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा तुकडे केलेलं असतं. त्यावर साध्या मीटरने दाखवलेला आकडा वहीत न लिहिलेलाच बरा.

रात्री कोण जागणार?

सरांची खोट अशी होती की मोटार चालू असेपर्यंत ती कायम हजर होती. पण लाईट आल्या क्षणी व्होल्टेजने मारलेली डुबकी, मध्यरात्री कधीतरी वाढलेला दाब, आठवड्यातून एकदा दोन सेकंद गेलेला फेज, हे पकडायला माणूस मीटर घेऊन उभा राहू शकत नाही. तिथे नोंद ठेवणारा मीटर, म्हणजे लॉगर लागतो. लॉगर घेताना लोक त्याच्यात किती दिवसांची नोंद मावते ते विचारतात. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : दर नोंदीत तो काय लिहून ठेवतो?

दहा मिनिटांची सरासरी ठेवणारा लॉगर घ्या. त्या दहा मिनिटांत ३ सेकंद व्होल्टेज १५० वर आलं आणि बाकी वेळ २३२ होतं, तर सरासरी येते २३१.६. कागदावर डुबकीचा मागमूसही नाही. पण त्या तीन सेकंदांत स्टार्टरची कॉइल सुटली, संगणक बंद पडला. म्हणून सरासरीबरोबर त्या काळातलं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त व्होल्टेजही नोंदवणारा लॉगरच घ्यावा, आणि 'सर्वांत कमी' हे किती काळाचं हेही विचारावं. आयईसी ६१०००-४-३० या आंतरराष्ट्रीय मानकात याची शिस्त घालून दिली आहे. ५० हर्ट्झच्या दहा आवर्तनांचं, म्हणजे ०.२ सेकंदाचं मापन हा पाया. त्यावरून ३ सेकंद, १० मिनिटं आणि २ तास अशा चढत्या नोंदी. डुबकीसाठी तर दर अर्ध्या आवर्तनाला नवा आकडा. या मानकात दोन श्रेणी आहेत, 'ए' आणि 'एस'. 'ए' श्रेणीत व्होल्टेज ०.१ टक्क्यापर्यंत बिनचूक लागतं, 'एस'मध्ये ०.५ टक्का चालतो.

'ए' श्रेणीची उपकरणं महाग असतात. ती घ्यायची कधी? दोन पक्षांमध्ये वाद असेल आणि दोघांनी वेगवेगळ्या उपकरणांनी मोजून उत्तर एकच यायला हवं असेल तेव्हा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांच्या नावातच वीज-गुणवत्ता हा शब्द आलेला आहे, तेव्हा अशा मोजण्या वाढणार. पण आपल्या गावात डुबकी कधी येते आणि साधारण किती खोल, एवढंच हवं असेल तर 'एस' श्रेणीचा लॉगर आठवडाभर भाड्याने आणून लावला तरी पुरे. आठवडा यासाठी की शेतीच्या पुरवठ्याचे तास दिवसा-रात्री पाळीने बदलत असतील तर दोन्ही पाळ्या त्यात याव्यात.

शाळेत तर एक उपकरण आधीच भिंतीवर आहे. विजेच्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो, आणि शेजारी लिहिलेलं असतं, एका युनिटला किती वेळा. समजा ३२०० लिहिलंय आणि ४५ सेकंदांत दहा लुकलुक झाल्या. दहा भागिले ३२०० युनिट, ४५ सेकंदांत. म्हणजे शाळा त्या क्षणी पाव किलोवॉट वीज घेतेय. हात न लावता.

हात लावण्याबद्दल

विजेच्या मीटरवर 'कॅट २', 'कॅट ३', 'कॅट ४' असं लिहिलेलं असतं आणि ते कोणी वाचत नाही. भिंतीतल्या प्लगला दोन, इमारतीतल्या मुख्य बोर्डाला तीन, डीपी आणि बाहेरच्या तारांना चार. विहिरीवरच्या मोटारीला बाहेरून जाणारी लाईनही चौथ्यातच धरतात. तारेवर वीज कडाडली किंवा स्विच पडला तर हजारो व्होल्टचा झटका येतो. त्याच्यापुढे मीटर हातात फुटू नये यासाठी ही श्रेणी. स्वस्त मीटरवर 'कॅट ३' छापलेलं असतं आणि आत काचेचा छोटा फ्यूज असतो, असंही आम्ही पाहिलं आहे. आणि पिन १० अँपियरच्या भोकात विसरून व्होल्टेज मोजायला जाणं हा तर सरळ शॉर्टसर्किटच. मुलांनी प्लग लावून वापरायचं युनिट-मीटर आणि बॅटरीवरची मंडळं एवढंच हाताळावं. डीपी, खांब, स्टार्टर हे वायरमनचं काम. आपण वहीत आकडे लिहायचे.

औंढ्याचा मीटर

हिंगोली जिल्ह्यातच विजेच्या गुणवत्तेची एक अगदी वेगळी गरज उभी राहते आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारायला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांना पहिली लहर सापडली, तेव्हा चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीतला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्शाएवढा होता. आणि तो इशारा ०.२ सेकंदात ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढला.

हे आकडे पुन्हा वाचा. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ. ६०, १२०, १८० या ठिकाणी विजेच्या तारांचं चुंबकीय क्षेत्र आणि यंत्रांची थरथर यांमुळे तिथल्या नोंदीत टोकदार रेघा उमटतात, आणि ताऱ्यांचा इशारा नेमका त्याच पट्ट्यातून जातो. इटलीतल्या व्हर्गो वेधशाळेत त्या रेघा ५० हर्ट्झच्या पटीत असतात. औंढ्यालाही तशाच असणार. म्हणून या वेधशाळांमध्ये भूकंपमापक, ध्वनिग्राहक, चुंबकमापक यांच्या जोडीला भिंतीतल्या विजेचं व्होल्टेज सतत नोंदवणारे मीटरही असतात. आरशाच्या नोंदीत खळबळ दिसली आणि त्याच क्षणी विजेच्या नोंदीतही दिसली, तर ती आकाशातली नव्हे. विजेच्या नोंदीचा उपयोग करून ती रेघ नंतर गणिताने वजाही करता येते. इथे २३० ऐवजी २२५ व्होल्ट आले याचं फार दुःख नाही. लहरीचा आकार आणि वेळ हवी. विहिरीवरच्या माणसाला नेमकं उलट.

या रेघा तुमच्या शाळेतूनही दिसतील. मोबाइलमध्ये आवाजाचा वर्णपट दाखवणारं एखादं फुकट अॅप घ्या आणि मुलांना घेऊन गावातल्या डीपीच्या कुंपणापासून चांगलं दूर, आवाज ऐकू येईल इतपत अंतरावर शांत उभं राहा. सायंकाळी, पुरवठा चालू असताना गुणगुण स्पष्ट असते. पडद्यावर उंच रेघ कुठे उभी राहते ते वाचायच्या आधी मुलांना अंदाज विचारा. बहुतेक जण ५० म्हणतील. रेघ दिसते १०० वर, आणि मग २०० आणि ३०० वर लहान-लहान. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा चुंबकत्व आलं की किंचित लांबी बदलतो, मग चुंबकत्व कुठल्या दिशेचं का असेना. एका आवर्तनात चुंबकत्व दोनदा शिखर गाठतं, एकदा एका दिशेने, एकदा उलट. म्हणून गाभा सेकंदाला शंभर वेळा ताणला जातो. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, मोटारी चालू-बंद असताना या रेघांची उंची बदलते का, ते मुलांनी आठवडाभर लिहून ठेवावं आणि आम्हाला कळवावं. वसमतच्या त्या सरांच्या वर्गाने सुरुवात केली आहे.